निळ्या ठिपक्याची पाती

मी, तानूबाई सुकदेव कुंभार, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय जुनी आरीपाती विकत घेऊन धार लावून पुन्हा विकणे, मूळ राहणार तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम टोकरखाडा, सिल्वासा, आज शुक्रवार दिनांक १४ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी माझ्या मागे काय कोणाचं ते सांगून लिहून घेत आहे. लिहिणारे शेजारचे श्रीकांत सर आहेत. इथल्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. मूळचे रत्नागिरीकडचे असल्यामुळे माझं बोलणं शुद्ध करून लिहायची त्यांना खोड आहे. मी म्हटलं, शुद्ध करा, पण कमी करू नका.

सरांनी पहिल्या ओळीत लिहिलं होतं की हे सर्व मी शुद्धीत, स्वखुशीने आणि निर्भयपणे करत आहे. शुद्धीत हे खरं. स्वखुशीने हेही चालेल. ‘निर्भयपणे’ हा शब्द मात्र मी खोडायला लावला. मला भीती वाटते आहे. तीन दिवसांपासून वाटते आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेलं नाही, मरणाचीही फारशी धास्ती नाही. भीती आहे ती मी विकलेल्या पात्यांची. त्यातलं एखादं फुटलं तर समोरचा माणूस जिवानिशी जाईल, आणि ते चांगलं आहे असं त्याला मी सांगितलेलं आहे. सर म्हणाले, मग तेच आधी लिहू. मी म्हटलं, आधी घर वाटते, तेवढा धीर येऊ द्या.

कलम १. टोकरखाड्यातली राहती खोली, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची पडवी माझा मुलगा ललित आणि सून दुर्गा यांच्या नावे समाईक राहील. कागदावर दुर्गाचं नाव आधी घालावं. ललितला राग येईल. तो बापावर गेला आहे, त्याचा राग जेवायला बसेपर्यंत टिकतो. दुर्गाचं नाव आधी का, हे तिला माहीत आहे, आणि हे वाचून झाल्यावर ललितलाही कळेल.

कलम २. जवळच्या गलोंडा गावातला दुकानाचा गाळा भाड्याचा आहे, म्हणून तो मी देऊ शकत नाही. आतली धार लावायची मशीन, पाती टांगायचे स्टँड आणि वजनकाटा ललितचा. पण घेण्याआधी हा धंदा कसा आहे ते त्याने एकदा वाचावं, कारण त्याच्या दिवंगत वडिलांनी त्याला फक्त नफ्याच्या गोष्टी सांगितल्या.

ललितचे वडील ॲल्युमिनियमच्या पट्ट्या करणाऱ्या एका कारखान्यात आरीवर होते. तिथे गोल पातं जरा बोथट झालं की भंगारात जायचं. ती पाती त्यांनी किलोवर उचलली, धार लावली आणि माल ठेवायच्या लाकडी पॅलेट बनवणाऱ्या शेडवाल्यांना विकली. नव्याच्या चौथाईत पातं मिळतं म्हटल्यावर शेडवाले खूश. पण जुन्या पात्याची बाकीची किंमत नंतर निघते, आणि ती बहुतेक वेळा घेणारा देत नाही, मशीनवर उभा असलेला देतो. पात्याचं भोक मोठं, मशीनचा दांडा बारीक, मग मध्ये बुश, म्हणजे लोखंडी कडं, ठोकायचा. बुश सैल निघाला की पातं डुलतं. पातं मोठं आणि मशीनवरचं झाकण लहान असलं की झाकण काढून कोपऱ्यात ठेवायचं, ते पुन्हा कधी कोणी लावत नाही. ललितच्या वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं अशाच एका झाकणापायी गेली. ते पातं त्यांनी स्वतःच विकलं होतं, आणि ते बसवून दाखवायला गेले होते. गावाकडे त्यांनी सगळ्यांना सांगितलं की कारखान्यात गेली, म्हणजे जरा मान राहतो. मी तेव्हा मूग गिळून बसले.

सगळ्यात वाईट म्हणजे जुनं पातं कोणी का टाकलं हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. कधी बोथट म्हणून टाकतात. कधी दात्याच्या बुडाशी केसाएवढी भेग गेली म्हणून टाकतात. मिनिटाला तीन हजार फेरे घेताना ती भेग उघडली तर तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

कलम ३. माझी थापटणी. ही लाकडी थापटणी माझ्या माहेरची, माझे वडील तिने ओली मडकी थापायचे. ही दुर्गाने घ्यावी, ललितने नाही.

या थापटणीने मी पाती वाजवते. आम्ही जातीचे कुंभार. पारोळ्याच्या बाजारात मी वडिलांशेजारी बसून गिऱ्हाइकाला मडकं वाजवून द्यायचे. चांगलं असेल तर खणखणीत, तडा असेल तर बद्द. लग्न होऊन इथे आल्यावर एकदा डबा द्यायला गाळ्यावर गेले, तर भिंतीला लावलेलं एक पातं घसरून फरशीवर पडलं. मी म्हटलं, “हे फुटकं आहे.” नवरा हसला. म्हणाला, “ते लोखंड शे, गाडगं नाही.” मी ऐकेना म्हणून त्याने रॉकेल लावलं, पुसलं आणि वर खडू फिरवला. भेगेत मुरलेल्या रॉकेलची खडूत ओली रेघ उमटली, चांगली बोटभर. नवऱ्याचा चेहरा उतरला, कारण ते पातं दुसऱ्या दिवशी जाणार होतं.

त्या दिवसापासून पातं बोटावर टांगायचं, थापटणीने ठोकायचं, ऐकायचं, आणि पास झालं की मध्ये निळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, हे माझं काम झालं. पुढे पुढे शेडवाले ठिपका बघूनच पातं उचलू लागले. “मावशीचं वाजवलेलं द्या,” असं म्हणायचे. मला त्याचा फार गर्व झाला. एवढा, की रॉकेल आणि खडूची तपासणी मी बंद करून टाकली. माझा कान असताना खडू कशाला, असं मी सगळ्यांसमोर बोलले आहे. हे वाक्य सरांनी जसंच्या तसं ठेवावं.

कलम ४. वापीच्या रस्त्यावरच्या ज्या भंगारवाल्याने आम्हाला वर्षानुवर्षं पाती दिली, त्याला माझ्या तेराव्याला बोलावू नये. तो भेगांवर चंदेरी रंग मारतो. मी विचारलं तर म्हणाला, “मौसी, रंग तो सुंदरता के लिए है.” त्याचं नाव इथे लिहू नये असं सरांचं मत पडलं. पण ललितला माहीत आहे. आला तर जेवू घालावं, उपाशी पाठवू नये, पण पानावर बोलावणं करू नये.

कलम ५. आता ती गोष्ट. सर, सावकाश लिहा, मला दोनदा सांगवणार नाही.

मंगळवारी ललितने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. टीव्हीचा आवाज मी फार मोठा करते अशी त्याची तक्रार. माझी तक्रार अशी की आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर ते जाड गोल लावलं, हातात बटण दिलं आणि काचेपलीकडून सांगितलं की आवाज आला की दाबा. सुरुवातीला दोन-चार जाड आवाज आले, मी दाबलं. मग काहीच येईना. मी वाट बघत बसले. वाटलं, मशीन बिघडलं असेल, किंवा डॉक्टर बाहेर गेले असतील. मग त्यांनी दार उघडलं. म्हणाले, “मावशी, झालं. मघाशी वाजत होतं सगळं.”

बारीक, उंच आवाज मला येत नाहीत. दोन्ही कानांनी येत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं की काम काय करता, आणि धार लावायच्या मशीनची किंकाळी कशी असते ते मी सांगितलं, तर ते नुसते मान हलवत राहिले. म्हणाले, हे एका दिवसात झालेलं नाही, सात-आठ वर्षं तरी होत आलं असेल. ललित माझं औषध विचारत होता. मी मनात पाती मोजत होते, आणि मोजता येत नव्हती.

पात्याचं खणखणणं हाच तर तो बारीक आवाज. म्हणजे इतकी वर्षं मी कशाने पाती पास करत होते? मी बसून खूप विचार केला. बोटाला थरथर लागायची, तेवढीच. आणि समोरच्याचा चेहरा बघायची सवय लागली होती. त्याने मान डोलावली की मीही डोलावायचे आणि ठिपका द्यायचे. तो मान डोलावत होता कारण माझ्यावर विश्वास होता. मी डोलावत होते कारण तो डोलावत होता.

यंदाच्या लाभपाचमीसाठी तर मला स्वतःला माफच करता येत नाही. दिवाळीनंतर त्या दिवशी इकडची दुकानं उघडतात, पहिला सौदा मुहूर्ताचा. गलोंड्यातल्या एका शेडचे शेठ आले होते, बरोबर त्यांचा आरीवाला लखन. लखन आमच्याच तालुक्याचा, मला मावशी म्हणतो, त्याची खोली आमच्या गल्लीच्या टोकाला. मी पातं टांगून ठोकलं. मागून दुर्गा म्हणाली, “आत्या, बद्द वाजलं.” हळू म्हणाली असावी, पण मी वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं म्हणून मला कळलं. मुहूर्ताचा माल परत फिरवायचा नसतो. शेठ समोर उभे होते. पस्तीस वर्षांत माझ्या पात्याला कोणी बद्द म्हटलेलं नव्हतं, आणि सुनेने म्हणावं?

मी म्हटलं, “मला शिकवू नको, दुर्गे. तू जन्माला नव्हतीस तेव्हापासून वाजवते मी.”

ती म्हणाली, “एकदा खडू तरी लावून पाहू ना, आत्या.”

शेठ हसले. म्हणाले, “मुरतनो दिवस छे, झघडा नई.” मी ब्रश उचलला आणि ठिपका दिला. जरा मोठाच दिला. लखनने ते पातं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि गेला.

तेव्हापासून दुर्गा माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिला आठ दिवस घालूनपाडून बोलले, तिच्या भाकरीत, झाडण्यात चुका काढल्या. आता कळतं की ती रुसलेली नव्हती. तीसुद्धा घाबरलेली होती. मी तिची क्षमा मागते. समोर मागायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे.

मंगळवारपासून मी खिडकीत बसून असते. लखनची या आठवड्यात दुसरी पाळी आहे. तो पावणेचारला सायकलवरून गलोंड्याकडे जातो. येताना मला दिसत नाही, म्हणून सकाळी उठले की त्याच्या दारात सायकल आहे का ते आधी बघते, मग चूल. ॲम्ब्युलन्सचा आवाज मला लांबून येत नाही, म्हणून रस्त्यावर लाल दिवा दिसतो का ते बघत राहते. आजच्या कागदाला मी साक्षीदार म्हणून लखनलाच बोलावलं आहे. सर म्हणाले, ओळखीचं दुसरं कोणी नाही का? मी म्हटलं, हाच हवा. खरं कारण असं की तेवढा अर्धा तास तरी तो माझ्या डोळ्यांसमोर असेल.

कलम ६. बँकेत माझ्या नावावर जे काही आहे, ते निळ्या ठिपक्याची पाती परत घेण्यासाठी खर्च करावं. सिल्वासा, गलोंडा, वासोणा, वापी, जिथे जिथे ती गेली आहेत तिथून ललितने ती आणावीत, आणि प्रत्येकाच्या बदली नवं कोरं पातं द्यावं. हे माझ्या तेराव्यानंतर करावं. तोपर्यंत हा कागद बंद पाकिटात श्रीकांत सरांजवळ राहील, आणि पाचवं कलम मी जिवंत असेपर्यंत कोणाला वाचून दाखवू नये. लोक माझ्या दारावर येऊन काय बोलतील ते मला ऐकायचं नाही. ऐकू येणार नाही म्हणा, पण दिसेल.

*

लिहिणाऱ्याची नोंद. तानूबाईंच्या परवानगीने मी, श्रीकांत केळकर, पुढचा मजकूर माझ्या शब्दांत लिहीत आहे, कारण सहाव्या कलमानंतर त्या जागेवरून उठल्या.

सहावं कलम लिहून मी त्यांना विचारलं, “आणि तोपर्यंत?”

त्या म्हणाल्या, “तोपर्यंत म्हणजे?”

मी म्हटलं, “तुम्ही पंधरा वर्षं जगलात तर? आम्हाला तेच हवं आहे. पण मग पंधरा वर्षं ती पाती फिरत राहायची का?” मी मोठ्याने आणि त्यांच्यासमोर तोंड करून बोललो, म्हणून त्यांना नीट कळलं. हातातला कप त्यांनी खाली ठेवला, तो बशीवर न बसता बाजूला कलंडला. माझी पत्नी सुलभा फडकं घेऊन आली.

तेवढ्यात लखन आला. अंघोळ करून, भांग पाडून, साक्षीदाराला शोभेल असा नवा शर्ट घालून आला होता. म्हणाला, “कोठे सही करू, मावशी? चार वाजता पाळी शे ना मनी.” तानूबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि उलटे-सुलटे करून पाहिले. तो गोंधळला. मग त्यांनी विचारलं, “लाभपाचमीचं पातं कुठे आहे?”

“मशीनवरच. आज पहिल्या पाळीत समाधान चालवतोय. का बरं?”

तानूबाईंनी त्याला सांगितलं. पाचवं कलम मी वाचून दाखवलं नाही, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तीन-चार वाक्यांत. लखनने लगेच शेडवर फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. तो म्हणाला, “आरी चालू असली की फोन ऐकूच येत नाही तिथे.” मी स्कूटरची किल्ली दिली. तो निघाला, आणि तानूबाई त्याच्या मागे बसल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला? म्हणाल्या, “ठिपका मी दिला आहे.” पदर खोचून त्या गेल्या. सही व्हायची राहिली.

तीनपासून पाचपर्यंत मी आणि सुलभा ओसरीवर बसून होतो. लखन आणि तानूबाई, दोघांपैकी कोणी फोन उचलत नव्हतं. सुलभाने दोनदा देवापुढे निरांजन लावलं. मला एवढी भीती शाळेच्या सहलीत मूल हरवलं होतं तेव्हाही वाटली नव्हती.

पाच वाजून वीस मिनिटांनी ते परत आले. लखन आणि तानूबाई स्कूटरवर, मागून दुकान बंद करून ललित आणि दुर्गा रिक्षाने. लखनने सांगितलं, की शेडमध्ये शिरल्यावर मावशी कोणाशी न बोलता सरळ भिंतीकडे गेल्या आणि मेन स्विच पाडला. सगळे ओरडू लागले. पातं थांबेपर्यंत त्यांनी समाधानला दंडाला धरून बाजूला ओढून ठेवलं. मग शेठ आले, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हे मी न ऐकता दिलं होतं. मला ऐकू येत नाही. माझा ठिपका असलेलं एकही पातं लावू नका.” शेठ पुष्कळ बोलले. त्या त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

पातं गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. दुर्गाने ते सोडलं, भोकात बोट घालून उचललं आणि ललितने घरून आणलेल्या थापटणीने ठोकलं.

आवाज बद्द आला. मी ऐकला, सुलभाने ऐकला, ललितने मान खाली घातली. तानूबाई आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सगळ्यांकडे पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “सर, वाजवलं का तिने?”

दुर्गाने पातं खाली ठेवलं आणि त्यांना जवळ घेतलं. थोड्या वेळाने तानूबाई म्हणाल्या, लिहा. पुढचं कलम पुन्हा त्यांच्या शब्दांत आहे.

*

कलम ७. वरच्या सहाव्या कलमातली ‘तेराव्यानंतर’ आणि ‘बंद पाकिटात’ ही दोन्ही वाक्यं रद्द. पाती उद्या शनिवार सकाळपासून परत घ्यायची आहेत, आणि ललितसोबत मी स्वतः जाणार आहे. दुर्गा दुकानात बसेल, वाजवेल आणि रॉकेल-खडूही लावेल. यापुढे निळा ठिपका कोणी कोणत्याही पात्याला देऊ नये, दुर्गानेही नाही. कागद आज रात्री घरच्यांना आणि उद्या ज्याला हवा त्याला वाचून दाखवावा.

माझ्या ठिपक्याची किती पाती बाहेर आहेत ते मला माहीत नाही. कितीतरी गिऱ्हाइकांची नावंही आठवत नाहीत. काही पाती पुढे दमणला विकली गेली असं शेठ म्हणाले. आत्ता हे लिहीत असताना त्यातली काही फिरत असतील. त्यांच्यासमोर कोण उभं आहे ते मला ठाऊक नाही, आणि त्यांना मीही ठाऊक नाही, त्यांना फक्त ठिपका ठाऊक आहे. सगळी पाती मिळण्याआधी मी मेले, तर उरलेली शोधणं हीच माझी इस्टेट समजावी आणि ती ललित व दुर्गाने निम्मी निम्मी घ्यावी.

हा सर्व मजकूर श्रीकांत सरांनी मला समोर बसून, मोठ्याने, ओठ दिसतील असा वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. याआधी मी दुसरं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: टोकरखाडा, सिल्वासा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे

साक्षीदार १: सौ. सुलभा श्रीकांत केळकर, टोकरखाडा
साक्षीदार २: लखन भिका पाटील, टोकरखाडा
लिहिणार: श्रीकांत केळकर, निवृत्त शिक्षक

मृत्युपत्र करणारी: तानूबाई सुकदेव कुंभार

(माझी सही वाकडी आली आहे. बँकेतल्या सहीशी ती जुळणार नाही. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून लिहून ठेवते, की हात आजाराने कापला नाही, भीतीने कापला, आणि सही माझीच आहे.)